एअर सस्पेन्शन काढून कॉइल बसवल्यावर गाडी टायर खाते, घासते : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

सकाळी पार्किंगमध्ये गाडीचा एक कोपरा खाली बसलेला दिसला, की जुन्या मर्सिडीजच्या, ऑडीच्या किंवा रेंज रोव्हरच्या मालकाला काय झालंय ते लगेच कळतं. बलून, म्हणजे एअर सस्पेन्शनमधली हवेची रबरी पिशवी, गळायला लागला. नव्या एअर स्ट्रटचा (बलून आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाचा) खर्च ऐकल्यावर बरेच जण कॉइल स्प्रिंगचा किट बसवून घेतात. गाडी उभी राहते, खाली बसायची धास्ती जाते. मग काही आठवड्यांनी दुसरंच दुखणं सुरू होतं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खर्र आवाज येतो, खड्ड्यात मागचा टायर मडगार्डच्या कडेला लागतो, किंवा बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत खाल्लेला सापडतो.

अशा वेळी टायरवाला वेगळी साइज सुचवतो आणि ॲलॉयवाला स्पेसर (चाक बाहेर सरकवायला रिमच्या मागे लावायची चकती) सुचवतो. दोघांपैकी कुणालाही पैसे देण्याआधी गाडीची उंची मोजा. रूपांतरानंतरच्या टायरच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा टायरमध्ये नसतं. गाडी आता कोणत्या उंचीवर उभी आहे, ती उंची भाराखाली किती बदलते आणि त्या उंचीवर बाकीचे सांधे नीट जुळवलेत का, यात ते असतं. खालचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती लावला आहे.

उदाहरणासाठी एस-क्लासची डब्ल्यू २२१ पिढी घेतो. ही गाडी २००५ ते २०१३ या काळात बनली आणि भारतातल्या बऱ्याच गाड्यांची जोडणी पुणे जिल्ह्यातच झाली. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. आज मुंबई-पुण्यात या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि कॉइल रूपांतराचा विषय त्यांच्या बाबतीत वारंवार निघतो. तुमची गाडी वेगळी असली तरी क्रम हाच ठेवा, फक्त आकडे तुमच्या गाडीचे घ्या. एक गोष्ट मात्र आधी खात्री करून घ्या. काही एस-क्लासमध्ये एअरमॅटिक या मर्सिडीजच्या एअर सस्पेन्शनऐवजी एबीसी नावाची हायड्रॉलिक यंत्रणा असते. तिच्यात मुळातच कॉइल स्प्रिंग असते आणि तिचा किट पूर्णपणे वेगळा येतो. चुकीचा किट बसला असेल तर पुढची कोणतीच पायरी उपयोगाची नाही.

नेमकं बदललं काय

एअर सस्पेन्शनमध्ये कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक आणि उंची मोजणारे सेन्सर मिळून एकच काम करतात: गाडीत एक माणूस असो वा पाच, डिकी रिकामी असो वा भरलेली, गाडी ठरलेल्या उंचीवर ठेवणं. कारखान्याने टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा, चाकाचा कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर कल), टो (वरून पाहिल्यावर चाक सरळ दिशेपासून किती तिरकं) हे सगळं या स्थिर उंचीला धरून आखलेलं असतं.

कॉइलला उंची राखता येत नाही. भार वाढला की ती दबते. त्यामुळे रिकाम्या गाडीत बरोबर दिसणारं चाक चार माणसं बसल्यावर वेगळ्या कोनात आणि वेगळ्या जागी असतं. शिवाय किटची स्प्रिंग एखाद्या ठरावीक वजनाला धरून बनवलेली असते. डिझेल इंजिन, लांब व्हीलबेस, सनरूफ, मागच्या इलेक्ट्रिक सीट यांनी वजन बदलतं आणि एकच किट एका गाडीत नाक वर करतो, तर दुसरीत शेपूट खाली टाकतो.

पायरी १ : आधी टायर आणि चाकं ओळखा

सगळ्यात सोपं कारण सगळ्यात आधी बाद करा. अनेक गाड्यांत पुढची आणि मागची चाकं वेगळ्या रुंदीची असतात. डब्ल्यू २२१ मध्ये १८ इंची जोडीत पुढे २५५/४५ आर १८ आणि मागे २७५/४५ आर १८ असतात. किट बसवताना चारही चाकं निघालेली असतात आणि घाईत मागचं रुंद चाक पुढे बसलं, तर ते वळताना घासणारच. टायरच्या बाजूवरची साइज चारही चाकांवर वाचा आणि पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरशी किंवा पुस्तिकेशी ताडून पाहा.

साइजबरोबर भारांकही पाहा. टायरवर साइजनंतर ९९ लिहिलं असेल तर तो टायर ७७५ किलो पेलतो, १०३ असेल तर ८७५ किलो. एस-क्लाससारख्या जड गाडीवर कमी भारांकाचा स्वस्त टायर चढवला, तर भाराखाली त्याची बाजू जास्त फुगते आणि घासायला तेवढंच निमित्त पुरतं. दोन कंपन्यांचे एकाच साइजचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरनी कमी-जास्त रुंद असतात, त्यामुळे एका एक्सलवर एकच कंपनी आणि एकच पॅटर्न ठेवा. हवा थंड टायरमध्ये, स्टिकरप्रमाणे भरा. कमी हवेच्या टायरवर घेतलेलं कुठलंही माप फसवं असतं.

पायरी २ : उंची मोजा

सपाट जागा हवी. सोसायटीचा उतारावरचा पार्किंग चालणार नाही. पेट्रोल पंपाची किंवा अलाइनमेंटच्या दुकानातली फरशी बरी. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. थोडी पुढे-मागे चालवा आणि चारही कोपरे हाताने दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं.

मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण त्यात टायरची साइज आणि हवा मिसळते. चारही आकडे वहीत लिहा, सोबत तारीख, डिझेल किंवा पेट्रोल किती होतं आणि गाडीत कोण होतं तेही लिहा.

आता तुलना. डाव्या-उजव्या बाजूत १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग नीट बसलेली नाही, एका बाजूचं रबरी पॅड राहून गेलंय किंवा दोन बाजूंना वेगळ्या स्प्रिंग गेल्यात असं धरून चाला. कारखान्याच्या उंचीशी तुलना करायला सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे रूपांतराआधी, एअर सस्पेन्शन चालू असतानाच मोजून ठेवणं. ती वेळ निघून गेली असेल तर त्याच मॉडेलची, एअर सस्पेन्शन ठणठणीत असलेली गाडी शोधा आणि तिची नॉर्मल पातळीवरची उंची याच पद्धतीने घ्या. मर्सिडीजचं वर्कशॉप उंची मिलिमीटरमध्ये मोजण्याऐवजी कंट्रोल आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा) कोन कोनमापकाने मोजतं. तसं करणारा जाणकार मेकॅनिक मिळाला तर जास्त चांगलं.

नव्या स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. म्हणून पहिल्या दिवशी किंचित उंच दिसणारी गाडी लगेच कापाकापीला नेऊ नका. पहिल्या दिवशीच खाली दिसणारी गाडी मात्र आपोआप वर येणार नाही.

पायरी ३ : कुठे घासतंय ते शोधा

आवाजावरून अंदाज बांधू नका. टायरवर, लायनरवर (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर) आणि मडगार्डच्या आतल्या कडेवर खडूचे पट्टे ओढा, गाडी हळू चालवा, दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवा, एक स्पीडब्रेकर पार करा. मग चाक काढून पाहा, खडू कुठे पुसलाय. आत, जिथे जागा फार कमी आहे, तिथे घट्ट मळलेल्या कणकेची गोळी स्ट्रटवर चिकटवून फेरी मारा. परत आल्यावर जी जाडी उरली तेवढीच टायर आणि लोखंड यांच्यातली खरी जागा. गाडीखाली जाताना जॅकसोबत स्टँड लावायचाच. नुसत्या जॅकवर हात आत घालू नका.

खूण कुठे सापडते त्यावर कारण ठरतं, आणि या टप्प्यावर वेळ द्यायला कंटाळू नका.

टायरच्या आतल्या बाजूवर गोल, चकचकीत रेघ दिसली तर गाडी तिथेच थांबवा. टायरची बाजू हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग असतो आणि तिथे कापलं गेलं की टायर वेगात फुटतो. कारणं तीन शक्य आहेत: चाकाचा ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसतं ते माप, हिशोब पायरी ६ मध्ये) चुकीचा, स्ट्रट डावा-उजवा बदलून किंवा फिरून बसलेला, किंवा स्प्रिंगची खालची वाटी मूळ बलूनपेक्षा टायरच्या जवळ आलेली. मॅकफर्सन स्ट्रटच्या (चाकाला वरून फक्त स्ट्रटच धरतो अशा) गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या पहिल्या पिढीच्या एक्स ५ मध्ये, पुढची वाटी टायरच्या जवळच असते, त्यामुळे तिथे हे जास्त जपावं लागतं. एस-क्लासमध्ये पुढे टायरच्या सगळ्यात जवळ नकलचा (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाचा) वर जाणारा उंच दांडा असतो, म्हणून तिथे आधी तो तपासा. गाडी उभी असताना टायर आणि सगळ्यात जवळचा लोखंडी भाग यांच्यामधून करंगळी सहज फिरली पाहिजे.

हीच जागा तपासताना ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर नीट पाहा. मूळ एअर स्ट्रटवर त्यांना अडकवायला ब्रॅकेट असतो. किटच्या स्ट्रटवर तो कधी नसतो, कधी वेगळ्या जागी असतो, आणि घाईत नळी प्लास्टिकच्या पट्टीने बांधून गाडी दिली जाते. पूर्ण वळणावर ती टायरला लागते. टायरचं नुकसान कमी होतं, पण ब्रेकची नळी झिजते. काढून न टाकलेली हवेची जुनी नळी आणि मोकळी लोंबणारी सेन्सरची काडी यांचीही तीच गत होते.

पूर्ण वळणावर पुढच्या बंपरकडच्या लायनरला खूण असेल तर बऱ्याचदा काम किरकोळ असतं. लायनर काढून बसवताना क्लिपा तुटतात आणि दोन क्लिपांअभावी तो टायरकडे फुगतो. नव्या क्लिपा लावून पाहा. तरीही लागत असेल तर कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, तपासायला सांगा. कॅस्टर बदलला की चाक कमानीत पुढे किंवा मागे सरकतं.

मडगार्डच्या वरच्या कडेला खूण म्हणजे चाक गरजेपेक्षा जास्त वर जातंय. गाडी खाली असेल तर पायरी २ मध्येच ते दिसलं असेल. उंची बरोबर असूनही लागत असेल तर बंप स्टॉपची, म्हणजे चाकाला ठरावीक उंचीच्या वर जाऊ न देणाऱ्या रबरी अडसराची, चौकशी करा. मूळ एअर स्प्रिंगच्या पोटात स्वतःचा बंप स्टॉप असतो आणि बलून काढल्यावर तो त्याच्यासोबत जातो. कॉइल स्ट्रटच्या दांड्यावर नवा बंप स्टॉप हवाच. तो नसेल किंवा आखूड असेल तर मोठ्या खड्ड्यात टायर थेट पत्र्याला भिडतो.

पायरी ४ : बुश गाडीच्या उंचीवर कसले आहेत का?

ही पायरी गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त टाळली जाते आणि तिचा परिणाम सगळ्यात दूरवर जातो. आर्मच्या टोकाला असलेल्या रबरी बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्ट कसला की जागच्या जागी घट्ट धरली जाते. त्यानंतर आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर, चाकं खाली लोंबत असताना बोल्ट कसले, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं. ते गाडीला थोडं उंच धरून ठेवतं, अलाइनमेंटचे आकडे खोटे देतं आणि मग लवकर फाटतं. बुश फाटला की चाक ब्रेक मारताना आपली जागा सोडतं आणि टायर पुन्हा घासायला लागतो.

उपाय साधा आहे. स्ट्रट बदलताना सैल केलेले आर्मचे सगळे बोल्ट सैल ठेवायचे, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, रॅम्पवर किंवा चारखांबी लिफ्टवर, आणि मग टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याला कसायचे. गॅरेजवाल्या दादांना हे काम सुरू होण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर ते पुन्हा उघडावं लागतं आणि मजुरीवरून वाद होतात.

पायरी ५ : अलाइनमेंट, आणि कागद हातात घ्या

उंची ठरली, बुश कसले, स्प्रिंग बसल्या, की मग चारही चाकांचं अलाइनमेंट. नुसत्या पुढच्या चाकांचं करून उपयोग नाही. एस-क्लाससारख्या मल्टिलिंक (एका चाकाला अनेक आर्म असलेल्या) गाडीत मागची चाकंही कॅम्बर आणि टो बदलतात. गाडी खाली गेली की चाकाचा माथा आत झुकतो, म्हणजे कॅम्बर उणे होतो. वर गेली की उलट.

आतली कड खाल्ली की लोक कॅम्बरला दोष देतात. कॅम्बर भार आतल्या कडेवर आणतो हे खरं, पण रबर खरवडतो तो टो. चाक सरळ दिशेपासून अर्धा अंश तिरकं असेल तर दर किलोमीटरला टायर सुमारे ८.७ मीटर आडवा ओढला जातो. हजार किलोमीटरला पावणेनऊ किलोमीटर आडवं घासणं झालं. ओळखायला तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी धार लागली तर टो बिघडलाय. धार नसून नुसती आतली कड उतरती झाली असेल तर कॅम्बरकडे पाहा.

दुकानातून बदलाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद घ्या. कॅम्बर हिरव्या पट्ट्यात येत नाही असं सांगितलं तर त्यात दोष त्यांचा नसतो. बऱ्याच मर्सिडीजमध्ये पुढच्या कॅम्बरला सरळ फिरवायची जागा नसते. खाचा पाडलेले खास बोल्ट घालून तो थोडा हलवता येतो, आणि ही मर्यादा लहान असते. कॅम्बर त्या मर्यादेबाहेर असेल तर पायरी २ कडे परत जा. उंची चुकलेली आहे, आणि चुकलेल्या उंचीवर अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात.

पायरी ६ : वेगळी ॲलॉय असतील तर हिशोब करा

मूळ चाकं असतील तर ही पायरी सोडा. बाजारातली ॲलॉय असतील तर रुंदी आणि ईटी, म्हणजे ऑफसेट, रिमच्या आत कोरलेले असतात. रिमच्या रुंदीचं मिलिमीटरमध्ये रूपांतर करून अर्धं करा. त्यात ईटी मिळवला की हबपासून (रिम ज्या भागावर बोल्टने बसतं तिथपासून) आत किती, आणि वजा केला की बाहेर किती, ते कळतं.

८.५ इंच रुंद, ईटी ४३ चं रिम: अर्धी रुंदी १०८ मिमी, म्हणून आत १५१ आणि बाहेर ६५. त्याऐवजी ९.५ इंच, ईटी ३५ लावलं: अर्धी रुंदी सुमारे १२१, आत १५६ आणि बाहेर ८६. म्हणजे आत ५ मिमी आणि बाहेर २१ मिमी सरकलं. आतली करंगळीची जागा आधीच कमी असेल तर ५ मिमीही महाग पडतात, आणि बाहेरचे २१ मिमी कॉइलवर दबणाऱ्या गाडीत मडगार्डला लागतात. एअर सस्पेन्शन असताना हीच चाकं न घासता चालली असतील, कारण यंत्रणा भाराखाली गाडीला वर धरून ठेवत होती.

टायरचा व्यासही पाहा. २५५/४५ आर १८ चा व्यास सुमारे ६८७ मिमी, २५५/४० आर १९ चाही तेवढाच, म्हणून ही अदलाबदल सुरक्षित. व्यासात दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक पडणारी साइज मी घेणार नाही. घासण्याबरोबर स्पीडोमीटर आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणाही गोंधळतात.

स्पेसर हा माझ्या मते शेवटचा पर्याय. लावायचाच असेल तर हबवर घट्ट बसणारा, मर्सिडीजसाठी ६६.६ मिमी भोकाचा घ्या आणि बोल्ट मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीइतके जास्त लांब घ्या. मूळ आखूड बोल्टवर स्पेसर लावलेली गाडी चालवायची नाही. मडगार्डची कड आत वळवून घेण्याचा सल्लाही मिळेल. उंची बरोबर असेल तर त्याची गरज क्वचित पडते, आणि पावसाळी कोकणात रंग उडालेली कड पहिल्याच वर्षी गंजते.

पायरी ७ : भरलेल्या गाडीची चाचणी

रिकाम्या गाडीची चाचणी एअर सस्पेन्शनवाल्या गाडीला पुरते, कॉइलवाल्याला पुरत नाही. मागे तीन माणसं, पुढे दोन, डिकीत दोन जड बॅगा, टाकी भरलेली. पुन्हा चारही उंच्या मोजा आणि वहीत पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. मग खडू लावून एखाद्या घाटात न्या. ताम्हिणीसारखा वळणांचा आणि चढ-उताराचा रस्ता सुरुवातीला हळू घ्या. वळणात बाहेरचं चाक दबतं आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळलेलं असतं. गावातल्या रस्त्यावर न दिसणारं घासणं इथे दिसतं.

मागचा भाग फार दबत असेल तर मोठा टायर, छोटा टायर, स्पेसर यांपैकी काहीच कामाचं नाही. स्प्रिंग तुमच्या गाडीच्या वजनाची नाही. किट विकणाऱ्याला गाडीचं मॉडेल, इंजिन, व्हीलबेस आणि वहीतले रिकामे-भरलेले दोन्ही आकडे पाठवा आणि बदलून मागा. आकडे असले की बोलणं लवकर संपतं. फरक थोडा असेल तर स्प्रिंगखालचं जाड रबरी पॅड पुरतं, पण ते त्या किटच्या वाटीत नीट बसणारं हवं. दोन पॅड एकावर एक रचायचे नाहीत.

याच चाचणीत रात्री भिंतीसमोर हेडलाइट पाहा. झेनॉन दिव्यांचा झोत उंचीच्या सेन्सरवरून ठरतो. रूपांतरात ते सेन्सर काढले किंवा त्यांच्या काड्या चुकीच्या बसल्या, तर समोरच्याच्या डोळ्यांत झोत जातो.

कागदपत्रांचं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. म्हणून सस्पेन्शनचं काम केल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. टायरची साइज मूळ ठेवली तर एक प्रश्न आपोआप कमी होतो.

पुढचं वेळापत्रक असं ठेवा: बसवल्यानंतर काही शे किलोमीटरला उंची आणि बोल्ट, त्यानंतर अलाइनमेंट, आणि मग दर ५,००० किलोमीटरला नक्षीची खोली टायरच्या आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण आतल्या आणि बाहेरच्या कडेत १ मिमीचा फरक दिसू लागला, की त्याच आठवड्यात अलाइनमेंटचा कागद पुन्हा काढा.